बहुरूपी

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या दारांचे एक पुस्तकांचे कपाट आहे. त्याच्या वरच्या खणात इंग्रजी नाटककार आहेत, खालच्या खणात मराठी निबंधकार आहेत, आणि मधल्या खणात, बरोबर डोळ्यांच्या पातळीवर, एक लाल-निळी मालमोटार उभी आहे. येणाऱ्या पाहुण्याची दृष्टी प्रथम पुस्तकांवरून फिरते, मग त्या मोटारीपाशी अडखळते, आणि तेथून ती आमच्या पांढऱ्या केसांकडे वळते. "नातवाची वाटतं?" असे तो विचारतो. आम्ही "हो, हो" म्हणतो आणि चहा मागवितो. वाचकहो, गेली तीन वर्षे हे असत्य भाषण आम्ही नेमाने करीत आलो आहो. आम्हांस नातू नाही. भाचीचा एक सात वर्षांचा मुलगा आहे. तो बोरिवलीस राहतो, आणि ती मोटार त्याची नव्हे. ती आमची आहे.

बावन्न वर्षांच्या, महाविद्यालयात शेक्सपिअर शिकविणाऱ्या गृहस्थाने स्वतःसाठी खेळणे विकत घ्यावे ही गोष्ट मुलुंडसारख्या शहाण्या उपनगरात उघडपणे सांगण्याजोगी नाही. आमच्या सौभाग्यवतीने ती एका वाक्यात निकालात काढली आहे: "पुरुषांना म्हातारपण येतं, मोठेपण येत नाही." पण सौभाग्यवतीने निकाल दिला म्हणून खटला संपतोच असे नाही; वरच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय असावी लागते. आज आम्ही ती वाचकांकडे मागत आहो. मात्र प्रारंभीच सांगून ठेवतो, की ह्या खटल्यात आम्ही निर्दोष सुटू अशी आमची स्वतःचीच खात्री नाही.

प्रथम त्या मोटारीविषयी. ती नुसती मोटार नव्हे. तिच्या टपाखाली एक मस्तक दडलेले आहे. पुढच्या काचा छातीवर येतात, मागची चाके पिंढऱ्यांवर जातात, आणि सांधे उलगडत उलगडत शेवटी वीतभर उंचीचा एक यंत्रपुरुष टेबलावर उभा राहतो. त्याचे नाव ऑप्टिमस प्राइम. ट्रान्स्फॉर्मर्स ह्या नावाने जी खेळणी जगभर विकली जातात, त्यांतील सज्जनांच्या पक्षाचा हा सेनापती. आमच्या लहानपणी दारी बहुरूपी यावयाचा. पोलिसाच्या वेषात येऊन तो दम भरावयाचा, आम्ही आईच्या पदराआड लपावयाचे, आणि मग तो मिशीतल्या मिशीत हसला की आम्ही बाहेर यावयाचे. ती सारी मौज पोलिसात नव्हती आणि त्या गरीब माणसातही नव्हती. एकातून दुसरा डोकावण्याच्या क्षणात ती होती. ह्या खेळण्याची मौजही नेमकी तीच.

ह्या बहुरूप्याचा जन्म जपानातला. ताकारा नावाच्या कंपनीने 1980 साली डायाक्लोन ह्या नावाची खेळणी काढली. त्यांत मोटारीची यंत्रे होत, परंतु त्या यंत्रांना स्वतःचे मन नसे. बोटाच्या पेराएवढा चालक आत बसून ती चालवी. हॅस्ब्रो ह्या अमेरिकन कंपनीने ती, आणि ताकाराचीच आणखी एक मालिका, उचलली आणि दोन्ही एकत्र करून 1984 साली नव्या नावाने बाजारात आणली. त्यांना कथा हवी होती, म्हणून मार्व्हल ह्या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेतील लेखकांना काम सांगण्यात आले. सेनापतीचे नाव डेनिस ओनील ह्यांनी योजले. इतर पुष्कळांची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की ह्यांनी लिहिले. ह्या लेखकांनी काय केले, तर त्या चिमुकल्या चालकाला खाली उतरविले आणि यंत्राच्या ठिकाणी जीव घातला. एक धीरोदात्त, एक भित्रा, एक कपटी, एक बढाईखोर. आमच्यासारख्या साहित्याच्या प्राध्यापकाला ह्यात अभिमान वाटण्यासारखे एवढेच, की प्लास्टिकला प्राण देण्यासाठी कारखानदारालाही अखेर लेखकाच्या दारी यावे लागले.

1986 च्या सुमारास आम्ही मुलुंडला एका चाळीत राहत होतो. लालबहादुर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांचे भोंगे ऐकून तेव्हा घरोघरची घड्याळे लावीत. आमची खेळणी म्हणजे भोवरा, सायकलच्या टायरचा गाडा, आणि आगपेट्यांची आगगाडी. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील आखातात नोकरीस होते. त्यांनी सुटीवर येताना एक लाल-निळी मालमोटार आणली. ती त्या घरच्या शोकेसमध्ये, काचेच्या बाहुल्यांच्या आणि चिनी मातीच्या कुत्र्याच्या मध्ये, ठेवलेली असे. ती मोटार माणूस होते असे आमचा मित्र सांगे. आम्ही पाहावयास गेलो की त्याची आई अतिशय प्रेमाने लाडू देई आणि तितक्याच प्रेमाने म्हणे, "हात लावू नका हं, मोडेल." त्या माउलीचा दोष आम्ही मानीत नाही, समुद्रापलीकडून वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाने आणलेली ती वस्तू होती, आणि तो माणूस पुन्हा जहाज-विमानात बसला की घरात तेवढेच त्याचे उरत असे. पण परिणाम असा झाला, की दोन वर्षे आम्ही ती मोटार पाहिली आणि तिला माणूस होताना एकदाही पाहिले नाही. पुढे 2007 साली तिच्यावरचा चित्रपट उपनगरातल्या चित्रगृहांत लागला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या घोळक्यापासून दूर, शेवटच्या रांगेत बसून, आम्ही ते रूपांतर पाहिले. तेव्हा आमचे वय चौतीस होते.

आमच्यासारखे पुष्कळ असले पाहिजेत, असे ह्या धंद्याच्या इतिहासावरून दिसते. मूल हे खेळण्याचे गिऱ्हाईक असते ते तीन-चार वर्षे. दहा-अकराव्या वर्षी ते चेंडूकडे किंवा मोबाइलकडे वळते आणि दुकानाची पायरी चढेनासे होते. त्याच्या जागी नवे मूल येते. त्याला मागची कथा ठाऊक नसते आणि तिची पर्वाही नसते. त्याला हवे असते झटपट रूपांतर. म्हणून लहानांसाठी एका धक्क्यासरशी मोटारीचा माणूस होणारी खेळणी काढतात. उलट, तीस वर्षांनी पुन्हा तीच पायरी चढणाऱ्या प्रौढाजवळ पैसा असतो, स्मरण असते, आणि स्मरणाबरोबर येणारा चिकित्सकपणाही असतो. त्याला तीस-चाळीस पायऱ्यांचे रूपांतर चालते. काचेची छटा मात्र त्याच्या आठवणीतल्याहून वेगळी चालत नाही. मुलाचे खेळणे मोडून संपते, प्रौढाचे धूळ खाऊन. एकाला जे रुचते त्याने दुसरा रुसतो, आणि कंपनीला तर दोघेही हवे असतात.

हा तोल साधताना ती कंपनी किती वेळा घसरली, हे पाहण्यासारखे आहे. 1986 साली ह्या पात्रांचा व्यंगचित्रपट निघाला. जुना माल संपवून नवा विकावयाचा होता. म्हणून जुनी पात्रे कथेत मारून टाकावी असे ठरले, आणि त्यांत खुद्द सेनापतीचाही बळी गेला. वहीत पाहता हिशेब चोख होता. पण चित्रगृहांत मुले रडू लागली, आईबापांच्या तक्रारी आल्या, आणि 1987 साली सेनापतीस पुन्हा जिवंत करावे लागले. फार काय, त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका खेळण्यावरील चित्रपटात नायक मरावयाचा होता. तो केवळ बेशुद्ध आहे असे संवादात ऐनवेळी घालण्यात आले. कारखानदाराने नग मोजले होते, मुलांनी मित्र मोजला होता. 1996 साली ह्याच मालिकेतील यंत्रपुरुष मोटारी सोडून पशूंची रूपे घेऊ लागले, आणि सेनापती वानर झाला. जुने भक्त खवळले. पण नवी मुले आली, आणि मरणपंथाला लागलेली मालिका जगली.

त्यानंतर पारडे दुसऱ्या बाजूस झुकले. 2003 साली जपानात प्रौढांसाठी मुद्दाम घडविलेली मोठी, महागडी मालिका सुरू झाली आणि पहिला मान साहजिकच सेनापतीला मिळाला. 2019 साली तर ग्रह गिळणाऱ्या एका खलपुरुषाची सव्वादोन फुटी प्रतिमा काढण्याची योजना जाहीर झाली. आठ हजार गिऱ्हाइकांनी आगाऊ मागणी नोंदविली तरच ती काढावयाची, अशी अट होती. मुदत वाढवावी लागली, पण आठ हजार मिळाले. ती प्रतिमा उचलून खेळण्याचे बळ कोणत्याही मुलाच्या हातांत नाही. आणखी एक नमुना सांगतो. ह्या कुळात एक यंत्रपुरुष टेपरेकॉर्डरचे रूप घेतो आणि त्याच्या पोटातून कॅसेटी निघून त्यांचे पशुपक्षी होतात. आजच्या मुलाने कॅसेट पाहिलेली नाही. मुलांच्या नव्या कथांत म्हणून तो विमान वगैरे होतो; प्रौढांच्या कपाटात मात्र तो टेपरेकॉर्डरच राहिला आहे. एकाच पात्राची ही दोन रूपे कथेने दिलेली नाहीत, गिऱ्हाइकांच्या वयाने दिली आहेत.

आमच्या खरेदीची हकिगत आता सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका मोठ्या बाजारसंकुलात आम्ही चष्म्याची काडी दुरुस्त करण्यास गेलो होतो. शेजारी खेळण्यांचे दुकान होते आणि त्याच्या काचेत ती लाल-निळी मोटार होती. आत गेलो. दुकानातल्या मुलीने विनयाने विचारले, "मुलाचं वय काय, सर?" आम्ही क्षणभर विचार करून "पाच" असे सांगितले. ती म्हणाली, "मग हे जमणार नाही, ह्याच्यावर आठ वर्षं आणि पुढे असं लिहिलंय." "मोठा झाल्यावर खेळेल," आम्ही म्हणालो. 'आठ आणि पुढे' ह्या शब्दांवर आम्ही घरी येईपर्यंत विचार करीत होतो. केवढे मुत्सद्दी शब्द आहेत ते! आठ वर्षांच्या मुलाचा मान राहतो आणि बावन्न वर्षांच्या माणसाची अब्रू राहते. धंद्याचा सारा तोल त्या तीन शब्दांवर उभा आहे.

किंमत ऐकून मात्र आमचे बालपण काही क्षण परत गेले. परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क आपल्या सरकारने 2020 साली शेकडा वीसवरून साठ केले होते. पुढे 2023 साली ते सत्तर झाले. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय प्रमाणचिन्हही सक्तीचे झाले. देशी कारागिराचे पोट भरावे आणि मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये ह्या हेतूंविरुद्ध कोण बोलेल? पण त्या नियमातली व्याख्या वाचून आम्हांस मौज वाटली. चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून केलेली वस्तू ती खेळणे, असा तिचा आशय आहे. चौदाव्या वाढदिवशी मनुष्य खेळण्यातून बाहेर पडतो हे सरकारला ठाऊक आहे. खुद्द मनुष्याला मात्र ते कोणी कळविलेले दिसत नाही.

मुलांची वस्तू मोठ्यांनी उचलून फळीवर ठेवावी हा प्रकार आपल्याकडे नवा आहे असेही नाही. सावंतवाडीची लाकडी फळे आणि भातुकली पाहा. ज्या रंगीत भांड्यांत आमच्या आज्यांनी खोटा भात शिजविला, ती आज काचेमागे मांडतात. तेथलाच गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफाचे एकशेवीस गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी ही मरू घातलेली कला हाताशी धरून वाचविली, हे त्यांचे मोठे उपकार. पण आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी तो संपूर्ण डाव चौकटीत बसवून भिंतीवर लावलेला पाहिला, आणि "खेळता का कधी?" असे विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "छे! खेळायचा कसा ते कोणाला येतं?" कला वाचली, डाव वाचला, खेळ तेवढा गेला. गोव्यातील एका कारखान्यात फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्याच सहकार्याने जी.आय. जो नावाचे शिपाई काढले. इकडच्या मुलांनी ते गटारात बुडविले, गच्चीवरून फेकले. त्यांचे रंग अमेरिकन शिपायांहून निराळे, म्हणून आज परदेशांतील संग्राहक ते शोधीत असतात. आणि जो शिपाई कधी लढलाच नाही, पेटीतच राहिला, त्याला सर्वांत अधिक मोल येते!

पण पेटीत राहिलेले तरी टिकते का? ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांतील काही यंत्रपुरुषांत सोनेरी चमक येण्यासाठी प्लास्टिकमध्ये धातूसारखी कणी मिसळीत. त्या मिश्रणाचा गुण असा, की वर्षे लोटली की ते आपोआप ठिसूळ होते. कोणी हात न लावलेले, जपून ठेवलेले खेळणे तीस वर्षांनी प्रथम उलगडावयास जावे, तो त्याचा सांधा भुग्यासारखा झडतो. संग्राहकांत ह्या व्याधीला भीतीने नावच पडलेले आहे. मोडेल म्हणून ज्याला हात लावला नाही, ते हात न लावताच मोडलेले असते. हे वाचले तेव्हा आम्ही मान डोलविली होती, आणि आपण किती शहाणे आहो असेही आम्हांस वाटले होते. आता आमच्या शहाणपणाची कसोटी कशी लागली ते ऐका.

गेल्या वर्षी भाऊबीजेस आमची बहीण, भाची आणि तिचा मुलगा अशी मंडळी दादरला गाडी बदलून बोरिवलीहून आली. स्वयंपाकघरात गप्पा रंगल्या होत्या. आम्ही आतून पानाचे तबक घेऊन बाहेर आलो, तो कपाटाचे दार उघडे, आणि मुलगा जमिनीवर मांडी घालून बसलेला. त्याच्या हातांत आमचा सेनापती अर्धा मोटार, अर्धा माणूस अशा अवस्थेत होता. आम्ही काही बोलणार तोच 'कट्' असा आवाज झाला आणि सेनापतीचा उजवा हात खांद्यातून निखळून सोफ्याखाली गेला.

पुढचे शब्द आम्ही उच्चारले असे म्हणवत नाही. ते आमच्या तोंडून निघाले. "हात लावू नकोस! मोडलंस ना?" आवाज वर्गातला होता. घर एकदम स्तब्ध झाले. मुलाने सेनापतीला अगदी हळू, दोन्ही हातांनी, गालिच्यावर ठेवले आणि आपले हात पाठीमागे नेले. तो रडला नाही. तो रडला असता तर बरे झाले असते. पाठीमागे नेलेले ते दोन हात आम्ही ओळखले. चाळीस वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका शोकेससमोर आमचे हात असेच पाठीमागे असत. फरक एवढाच, की त्या माउलीने ते वाक्य लाडू देऊन म्हटले होते.

आम्ही गुडघे टेकून सोफ्याखालून हात काढला. खांद्यापाशी नेला तो चटकन जागच्या जागी बसला. त्या खांद्यात गोळीचा सांधा आहे. जोर पडला तर तो मोडू नये, नुसता सुटावा, अशी त्याची घडण आहे. आमच्या ते तीन वर्षांत ध्यानात आले नव्हते, कारण आम्ही जोर पडू दिलाच नव्हता. ज्या कोण्या अज्ञात कारागिराने तो सांधा आखला, त्याने आमच्यासाठी काचेची छटा जुळविली होती आणि त्या मुलासाठी खांदा सोडवून ठेवला होता. तो दोघांनाही एका वस्तूत सांभाळू शकला. आम्हांला एका खोलीत ते साधले नाही.

"मामाआजोबा," थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "तुम्ही ह्याचे पाय उलटे लावता." आम्ही चष्मा लावून सूचनापत्रिका पाहिली. त्याचे म्हणणे बरोबर होते. तीन वर्षे आमचा सेनापती टाचा पुढे करून उभा राहत होता. मग आम्ही दोघांनी मिळून त्याची चार वेळा मोटार केली आणि चार वेळा माणूस केला. तिसऱ्या खेपेस पुढच्या काचेवर एक ओरखडा उठला. कोणाच्या नखाने ते आम्ही पाहिले नाही. रात्री मंडळी निघाली तेव्हा सर्व गोड झाले होते. निदान आम्हांस तसे वाटले.

गोष्ट येथेच संपविता आली असती तर वरच्या न्यायालयात आम्ही ताठ मानेने उभे राहिलो असतो. पण मे महिन्याच्या सुटीत तो मुलगा पुन्हा आठ दिवस राहावयास आला. कपाटाला आता आम्ही कुलूप लावीत नाही. तो सरळ कपाटापाशी गेला, दार उघडण्यापूर्वी थांबला, आमच्याकडे वळला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "आजोबा, हात लावू का?"

भाची म्हणाली, "बघा मामा, किती शहाणा झालाय!" सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले आणि ह्या खेपेस तिने निकाल दिला नाही. आम्ही मुलास म्हणालो, "विचारू नकोस रे, तुझंच आहे ते." तो खेळला, मनसोक्त खेळला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशीही विचारले. खांद्याचा सांधा जसा चटकन बसला तसा हा बसत नाही, असे आमच्या ध्यानात आले आहे.

आता पाहुणे आले आणि "नातवाची वाटतं?" असे त्यांनी विचारले, की आम्ही "हो" म्हणतो. शब्द तोच आहे, पण ते असत्य राहू नये अशी आमची खटपट चालली आहे. येत्या दिवाळीस तो न विचारता दार उघडील, तर आम्ही हा खटला जिंकलो असे समजू.